पुढच्यास ठेच

तीस वर्षें आम्ही गणिताच्या उत्तरपत्रिका तपासल्या. उत्तर बरोबर असलें तरी रीत दिली नसेल तर गुण द्यावयाचे नाहींत, हा आमचा नेम कधीं ढळला नाहीं. अशाच एका मुलास आम्ही शून्य दिलें. “सर, कसें येतें तें सांगतां येत नाहीं; पण येतें,” एवढेंच तो म्हणाला होता. परवां टोकामॅक यंत्रांविषयीं वाचतांना त्याची फार आठवण झाली.

सूर्याप्रमाणें हलकीं अणुकेंद्रें एकत्र करून शक्ति मिळविण्याची खटपट या यंत्रांत चालते. कडबोळ्याच्या आकाराच्या पोकळ पात्रांत कोट्यवधि अंश तापलेला प्लाझ्मा चुंबकाच्या बळावर भिंतींपासून दूर धरलेला असतो. परंतु कधीं कधीं त्याचा तोल एकाएकीं सुटतो. सेकंदाच्या कांहीं सहस्रांशांत उष्णता भिंतींवर येऊन आदळते, विद्युत्प्रवाह कोसळतो आणि अवजड सांगाड्यासहि जबर हादरे बसतात. दक्षिण फ्रान्समध्यें उभारल्या जात असलेल्या ‘ईटर’ यंत्रास (आपला देशहि त्यांत भागीदार आहे) असे आघात परवडावयाचे नाहींत. गोठविलेल्या वायूच्या गोळीचे तुकडे आंत मारून आघात सौम्य करितां येतो. पण त्यासाठीं निदान ३० सहस्रांश सेकंद आधीं सूचना हवी.

केवळ समीकरणांवरून ही सूचना वेळेवर मिळत नाहीं. म्हणून जुन्या प्रयोगांचीं मापनें देऊन संगणकासच शिकविण्यांत आलें. २०१९ सालीं प्रिन्स्टनच्या प्लाझ्मा प्रयोगशाळेशीं संबंधित संशोधकांनीं दाखविलें कीं, अमेरिकेंतील ‘डी-थ्री-डी’ यंत्राच्या ठेचांवर शिकलेला संगणक इंग्लंडांतील त्याहून मोठ्या ‘जेट’ यंत्राचेंहि भाकीत करूं शकतो. पुढच्यास ठेच, मागचा शहाणा! मात्र ‘जेट’च्या स्वतःच्याहि थोड्या ठेचा दाखविल्या, तेव्हां भाकीत अधिक सुधारलें. शहाणपण सर्वस्वीं उसनें मिळत नाहीं, हेंच खरें.

या संगणकासहि रीत सांगतां येत नाहीं. उत्तर मात्र येतें. म्हणून रीतीचा आग्रह सोडावा, असें आम्हांस वाटत नाहीं. ‘ईटर’ला अद्याप एकहि ठेच लागलेली नाहीं, तेथें केवळ उत्तरावर किती विसंबावें, हा प्रश्न उरतोच. परंतु संशोधकांनीं संगणकास शून्य दिलें नाहीं. त्याच्यापुढें दुसरें उदाहरण ठेविलें आणि काय होतें तें पाहिलें. तेवढें एक उदाहरण आम्ही त्या मुलास घातलें नाहीं.