अस्तर आणि माया

'माया' या शब्दाचा अर्थ समजून घ्यायला थेट वेदान्तापर्यंत जाण्याचं कारण नाही. वेदान्तात माया म्हणजे भास. बँकेत माया म्हणजे नोटा. त्या दिवसभर मोजायच्या आणि संध्याकाळी तिजोरीत ठेवून मोकळ्या हातानं घरी यायचं, म्हणजे पुन्हा भासच. पण शिवणकाम करणाऱ्या बाईच्या तोंडी माया म्हणजे शिवणीच्या आत जादा सोडलेलं कापड. पोर वाढली की टीप उसवायची आणि फ्रॉक सैल करायचा. तिन्हींत मला हीच खरी वाटते, कारण ती टेपनं मोजता येते.

रात्री जेवणं उरकली, की अर्धापुरात केळींच्या भावाखेरीज बोलण्यासारखं फारसं उरत नाही. अशा शांत वेळी आमच्या घरी पायमशीन सुरू होतं. परवा त्यावर कन्येचा जाळीचा फ्रॉक होता. मावशीच्या लग्नात तिला तोच हवा होता. जाळीचं कापड म्हणजे सावकाराचं बोलणं. वरून चकाकतं, आतून टोचतं. म्हणून अस्तर.

अमेरिकेत एलायस हाऊ यानं १८४६ साली पेटंट घेतलेल्या यंत्रात सुईचं नेढं टोकाशी होतं आणि दुसरा दोरा खालच्या धोट्यात. दोन्ही दोऱ्यांची गाठ पडते ती कापडाच्या आत. मी वाणिज्य शाखेचा पदवीधर असल्यामुळे मला त्यात द्विनोंदी पद्धत दिसते. वर नावे, खाली जमा. एक दोरा जास्त ओढला, की ताळा चुकतो आणि कापडाला चुण्या पडतात. हा विचार मी सौ.ला ऐकवला.

"कळलं. आता ते टोक धरा," ती म्हणाली.

नवं सुती अस्तर आधी पाण्यात भिजवून, वाळवून मगच कापायचं असतं. नाहीतर पहिल्या धुण्यात ते आटतं, वरची जाळी आटत नाही, आणि फ्रॉक फुगून बसतो. सौ.नं मात्र काहीच भिजवलं नाही. तिनं पेटीतून माझ्या आईचं सुती लुगडं काढलं. आईला जाऊन दोन वर्षं झाली.

"अगं, हे कापायचं?"

"मग काय कसरीला खाऊ घालायचं? सासूबाईंनी स्वतः किती लुगड्यांच्या गोधड्या केल्या, मोजल्यात का कधी?"

मोजण्याचाच पगार घेणारा मी गप्प बसलो. कातर चालली. त्या लुगड्याला पाण्याची भीती नव्हती. जेवढं आटायचं तेवढं ते केव्हाच आटून झालं होतं. आईचंही तसंच होतं.

दख्खनमध्ये पूर्वी मशरू नावाचं कापड विणत. वर रेशीम, आत सूत. ज्यांना शुद्ध रेशीम अंगाला लावणं धर्मानं वर्ज्य, त्यांची त्यात सोय होती; मशरू म्हणजेच 'मान्य असलेलं'. थाट लोकांसाठी, सूत आपल्यासाठी. आमच्या घरी त्या रात्री तेच चाललं होतं.

जाळी आणि अस्तर यांच्या सुलट बाजू समोरासमोर ठेवून तिनं गळा शिवला, गोलाईला बारीक चिरे दिले आणि सगळं उलटवलं. शिवणी दोन थरांत गडप झाल्या. घेराचं अस्तर दोन बोटं आखूड ठेवलं. खालून अस्तर डोकावलं की फ्रॉकची अब्रू गेली. दोन्ही बाजूंना दीड-दीड इंच माया सोडली.

"एवढी?"

"पोरगी वाढायलीय. दुकानातल्या फ्रॉकला सोडतंय का कुणी?"

कन्येनं झोपेतच फ्रॉक घालून पाहिला, एक गिरकी घेतली.

"टोचायलंय का गं?"

"नाही बाबा. आजीच्या मांडीवर बसल्यासारखं वाटायलंय."

तिला कुणी काही सांगितलं नव्हतं. मी दिवा मालवायला उठलो, उगाच दोनदा. सौ.नं उरलेलं लुगडं घडी करून पेटीत ठेवलं. नऊ वारांतले दोन खर्ची पडले, सात शिल्लक. खातं चालू आहे.