कडुनिंब: दारातला हकीम, पण हिशेबाने

मराठवाड्यातल्या आमच्या गावात कडुनिंब नाही असं अंगण क्वचितच सापडेल. धान्याच्या कणगीत त्याचा पाला, कपड्यांच्या पेटीत पाला, कांजिण्या उतरल्या की पाला घालून उकळलेल्या पाण्याची आंघोळ. आमच्या दादीची सकाळ त्याच्या काडीने दात घासूनच सुरू व्हायची. पाडव्याला शेजारच्या घरातून कोवळा पाला आणि गूळ यायचा, तोही आम्ही तोंड वाकडं करत खायचो. 'आझाद दरख्त-ए-हिंद' या फारसी नावावरूनच शास्त्रज्ञांनी त्याला 'अझाडिराक्टा इंडिका' म्हटलं.

या झाडाच्या कडूपणात काय आहे, हे शोधणाऱ्यांत एक नाव आपल्या मुलांना माहीत असायला हवं: डॉ. सलीमुज्जमाँ सिद्दीकी. अलीगढ आणि जर्मनीत शिकून ते दिल्लीला आले आणि हकीम अजमल खान यांच्या तिब्बिया कॉलेजात संशोधन करू लागले. सर्पगंधेतून वेगळ्या केलेल्या एका द्रव्याला त्यांनी हकीमसाहेबांच्या आठवणीसाठी 'अजमलीन' नाव दिलं. १९४२ साली त्यांनी कडुनिंबाच्या तेलातून निंबिन वेगळं केलं. पिढ्यान्‌पिढ्यांचा नुस्खा आता प्रयोगशाळेत तपासता येऊ लागला.

पुढे शेकडो द्रव्यं सापडली. पानांत निंबिन, निंबोलाइड यांसारखी कडू द्रव्यं आहेत, तशीच क्वेर्सेटिनसारखी फ्लॅव्होनॉइड्स. किडीची भूक मारणारं आणि तिची वाढ थांबवणारं अझाडिराक्टिन मुख्यतः निंबोळीच्या बीत असतं, पानांत कमी. कणगीतल्या पाल्यामागे दादीचं हेच शास्त्र होतं, फक्त तिला नाव ठाऊक नव्हतं.

पोषणाचं म्हणाल तर पानांत प्रथिनं, तंतू, कॅल्शियम आणि लोह आहे. १०० ग्रॅम ताज्या पानांत सुमारे ७ ग्रॅम प्रथिनं सांगतात. पण १०० ग्रॅम कडुनिंब कोण खाणार? चार-पाच पानं चघळून शरीराला मिळणारं पोषण नगण्यच. त्यासाठी मेथी, शेवग्याचा पाला, डाळ आहेच. कडुनिंब हे औषध आहे, भाजी नव्हे.

आणि औषध म्हटलं की हिशेब आला. माझ्या अम्मीला मधुमेह आहे. कुणीतरी सांगितलं म्हणून तिने रोज सकाळी उपाशीपोटी पेलाभर कडुनिंबाचा रस घ्यायला सुरुवात केली. गोळीही चालूच होती. एक दिवस स्वयंपाकघरातच तिला दरदरून घाम फुटला, हात थरथरू लागले. यंत्रावर साखर मोजली तर ५८! साखरेचं पाणी पाजलं तेव्हा कुठे ती सावरली. डॉक्टर म्हणाले, "रसही साखर उतरवू शकतो आणि गोळीही उतरवते. दोन्ही एकदम घेता, तर मला सांगायला नको का?" त्यांनी झाडाला नावं ठेवली नाहीत. लपवून घेऊ नका, एवढंच म्हणाले.

उलटं करणारेही आहेत: रस सुरू करून गोळ्या बंद करतात. प्राण्यांवरच्या प्रयोगांत पानांच्या अर्काने साखर उतरलेली दिसते, पण माणसांवरचे अभ्यास थोडे आणि लहान आहेत. तेवढ्यावर गोळी सोडणं म्हणजे डोळे आणि किडनी पणाला लावणं.

दोन गोष्टी तर प्रत्येक घराने गाठीला बांधाव्यात. तान्ह्या बाळाला कडुनिंबाचं तेल कधीही पाजू नये. त्यातून झटके येऊन मेंदूवर परिणाम झाल्याच्या आणि जीव गेल्याच्या नोंदी आहेत. गरोदर बायकांनी आणि मूल हवं असलेल्या जोडप्यांनीही तेल, रस, काढा पोटात घेऊ नये.

काडीने दात घासा, पाला कणगीत ठेवा, त्याच्या सावलीत बसा. पोटात घ्यायचं असेल, तर आधी डॉक्टरांना किंवा जाणत्या हकिमांना विचारा, आणि चालू असलेल्या गोळ्यांची चिठ्ठी सोबत न्या.