पायाळू

पारनेर तालुक्यातल्या आमच्या गावात ‘पायाळू’ हा शब्द सहसा आवाज उतरवून उच्चारला जाई. बोलीभाषांच्या तासाला एका विद्यार्थिनीने त्याचा अर्थ विचारला, तेव्हा मी कोशातला अर्थ सांगितला : जन्मताना ज्याचे पाय आधी बाहेर येतात तो. मागच्या बाकावरून कोणीतरी म्हणाले, “सर, पायाळूवर वीज पडते.” मी पुढच्या शब्दाकडे वळलो. वीस वर्षे अध्यापन केलेल्या माणसाला हे शोभणारे नव्हते.

माझे धाकटे चुलते पायाळू होते. १९८६च्या रोहिणी नक्षत्रात वळीव आला, तेव्हा ते बांधावरच्या उंच कडुनिंबाखाली उभे राहिले आणि वीज पडून गेले. झाडापासून दूर, पावसात भिजत थांबलेला गडी वाचला. गावाचा समज पक्का झाला. आजीने मात्र कोणाला बोल लावला नाही. लावला तो स्वतःला. ते मूल आपल्या पोटी उलटे आले, हे ती अखेरपर्यंत अपराधासारखे सांगत राहिली.

गेल्या उन्हाळ्यात विजांविषयी वाचताना ‘शुमान अनुनाद’ ही संज्ञा भेटली. भूपृष्ठ आणि त्यावरचे आयनांबर यांच्यामध्ये एक पोकळी आहे. वीज चमकली की तिच्यातून निघालेल्या विद्युतचुंबकीय लहरी या पोकळीतून पृथ्वीला प्रदक्षिणा घालतात, आणि ठरावीक कंप्रतांना एकमेकींना बळ देतात. जर्मन भौतिकशास्त्रज्ञ विनफ्रीड शुमान यांनी १९५२ मध्ये हे गणिताने मांडले. १९६० मध्ये बाल्सर आणि वॅग्नर यांच्या मोजमापांतून ते दिसले. पहिली कंप्रता सुमारे ७.८ हर्ट्झ, पुढच्या १४ आणि २० च्या आसपास. हा ध्वनी नव्हे. तो कानाला ऐकू येत नाही. त्याला ‘पृथ्वीच्या हृदयाचे ठोके’ म्हणण्याचा मोह आपल्यासारख्या साहित्याच्या माणसांना होतो, पण तो आवरलेला बरा.

ही स्पंदने पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राहून कोट्यवधी पटींनी क्षीण असल्यामुळे ती टिपणारी उपकरणे विजेच्या तारांपासून दूर, निर्जन जागी ठेवावी लागतात. पण त्यांच्या नोंदींवरून साऱ्या जगातल्या विजांचा अंदाज घेता येतो. आपल्या घड्याळाप्रमाणे दुपारी आग्नेय आशियातल्या विजांचा जोर असतो, संध्याकाळी आफ्रिकेतल्या आणि मध्यरात्रीनंतर अमेरिकेतल्या. १९९२ मध्ये अर्ल विल्यम्स यांनी दाखवले की, उष्णकटिबंधातले तापमान चढते तसा हा अनुनादही वाढतो. उपग्रहांच्या मोजणीनुसार जगभरात दर सेकंदाला चाळीस ते पन्नास विजा चमकतात, म्हणजे दिवसाला सुमारे चाळीस लाख.

चाळीस लाख! हा आकडा वाचून मी पुस्तक मिटले आणि बराच वेळ आजीचा विचार करीत बसलो. जमीन तापते, ढग चढतात, वीज कोसळते; या हिशेबात कोण कसा जन्मला याला कुठेच जागा नाही. माझ्या चुलत्यांनी मोकळ्या रानात उंच झाडाचा आसरा घेतला, एवढेच घडले होते. ‘माझ्याच लेकावर का?’ या तिच्या प्रश्नाला चाळीस लाखांचा आकडा उत्तर देत नाही, हे मला कळते. पण तिच्यावरचा आरोप तरी त्याने पुसला असता. ती २००५ मध्ये गेली. तोवर मी प्राध्यापक झालो होतो आणि तिच्याशी या विषयावर एकदाही बोललो नव्हतो.

या समजाची दुसरी बाजूही आहे. वीज पायाळूवरच पडते असे मानणारा माणूस, आपण पायाळू नाही म्हणून, निर्धास्तपणे झाडाखाली उभा राहतो.

पुढच्या तासाला मी तो शब्द पुन्हा फळ्यावर लिहिला आणि आमच्या घरातला त्याचा अर्थ सांगितला. वर्ग शांत होता. पुण्याच्या उष्णदेशीय मौसमविज्ञान संस्थेचे ‘दामिनी’ ॲप जवळपासच्या विजांची सूचना देते, हे एका मुलाने सांगितले. शब्दाचा अर्थ विचारणारी विद्यार्थिनी तास संपल्यावर थांबली. “सर,” ती म्हणाली, “माझा भाऊ पायाळू आहे. आईला हे सांगते.”