बुटका खांब

कासा गावाच्या पुढे आमची वडिलोपार्जित जागा आहे. रस्त्याकडून सूर्या नदीकडे उतरत जाणारी. वरच्या कडेला उभं राहिलं तर पलीकडचे सागवानाचे डोंगर दिसतात. खालच्या कडेला गेलं की रस्ता डोक्याच्याही वर राहतो. या जागेवर पक्कं घर बांधायचं ठरलं तेव्हा जो भेटेल तो एकच सांगायचा, ‘बाई, चार हायवा मुरूम टाका, जेसीबी फिरवा, जागा सपाट करून घ्या.’ आमच्याकडे उतार म्हणजे जागेचा दोष. तो भराव टाकून झाकायचा आणि त्याच भरावावर पाया घ्यायचा, अशी पद्धतच पडून गेली आहे.

मी आश्रमशाळेत शिकवते. बांधकामातलं मला काही कळत नव्हतं, आणि एरवी मीही मुरमाची ऑर्डर देऊन मोकळी झाले असते. पण नोव्हेंबर 2018 नंतर डहाणू-तलासरीत कुणीच घराबद्दल तसा निश्चिंत राहिलेला नाही. धुंदलवाडीच्या परिसरातून धक्के सुरू झाले ते थांबेचनात. मोठे नव्हेत; बहुतेक धक्के तर भांडी किणकिणण्यापुरतेच. पण जमिनीत फार खोल नसल्यामुळे आवाज मोठा. आधी सुरुंग उडाल्यासारखा धडाका आणि मग हिसका. 1 फेब्रुवारी 2019 ला 4.1 तीव्रतेचा धक्का बसला, तेव्हा घाबरून पळताना पडलेली एक चिमुरडी दगावली. त्याच वर्षी जुलैच्या पावसात भिंत अंगावर कोसळून एक माणूस गेला. प्रशासनाने तंबू दिले. थंडीत माणसं पोराबाळांसह बाहेर झोपली. आम्ही वर्ग झाडाखाली भरवले. हैदराबादच्या राष्ट्रीय भूभौतिकी संशोधन संस्थेची माणसं आली, त्यांनी भूकंपमापक बसवले आणि याला भूकंपांची मालिका म्हणतात असं सांगितलं. एकच मोठा धक्का आणि त्यामागून लहान लहान, असं हिचं नसतं. लहानमोठे धक्के येतच राहतात.

त्या दिवसांत मी एक गोष्ट पाहिली. शेजारच्या पाड्यावर मातीत रचलेल्या विटांच्या भिंतींना कोपऱ्याकोपऱ्यांतून तिरक्या भेगा गेल्या. आमचं जुनं घर मात्र होतं तसंच राहिलं. ते कुडाचं. कारवीच्या काठ्या उभ्या विणायच्या, वरून शेणमातीचा लेप द्यायचा, मधे सागाच्या मेढी, वर नळ्याची कौलं. धक्का बसला की कुडातून थोडी माती गळायची, एखादं कौल सरकायचं, एवढंच. बाबा म्हणायचे, ‘कूड डुलतो, वीट डुलत नाही.’ मला ते म्हाताऱ्या माणसाचं घरावरचं प्रेम वाटायचं. पुढे घराच्या कामासाठी आलेल्या इंजिनिअर मॅडमनी तेच शास्त्राच्या भाषेत सांगितलं. भूकंपाचा जोर घराच्या वजनाच्या प्रमाणात लागतो. डोक्यावर जितकं ओझं, तितका हिसका मोठा. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे किल्लारीत हजारो माणसं गेली ती याच ओझ्याखाली: मातीत रचलेल्या जाडजूड दगडी भिंती आणि वर मातीचं जड धाबं.

मग कूडच का नाही बांधला? बाबांनी हेच विचारलं. कारवी आता पूर्वीसारखी मिळत नाही, वाळवीला आवर नाही आणि दरवर्षी लिंपण करायला घरात हात नाहीत. शिवाय खरं सांगायचं तर पाड्यावर स्लॅबला मान आहे. लग्नाच्या बोलणीत ‘घर स्लॅबचं आहे’ हे वाक्य हमखास येतं. या मानापायी कच्च्या भिंतींवर जड स्लॅब ठेवलेली घरं मी कितीतरी पाहिली आहेत. आमच्या तालुक्यात सगळ्यात धोकादायक वस्तू कोणती असेल तर ती ही घरं.

2023 च्या दिवाळीनंतर काम काढलं. मिस्त्री मिळणंच कठीण झालं होतं. एक्सप्रेसवे आणि बुलेट ट्रेनच्या कामांनी आमच्या भागातली खडी, डंपर आणि कामाचे हात असं सगळं ओढून घेतलं होतं. अखेर तलासरीकडचे एक मिस्त्री तयार झाले. पालघरहून इंजिनिअर मॅडम आल्या. त्यांनी घराचा विषय काढलाच नाही. आधी नदीकडे उतरल्या. पूर कुठवर येतो, धामणी धरणातून पाणी सोडलं की किती चढतं, हे बाबांना विचारत बसल्या. नदीकाठी निळी आणि लाल अशा दोन पूररेषा आखतात. निळी साधारण पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल शंभर वर्षांतल्या पुराची. निळ्या रेषेच्या आत घर बांधायचंच नाही, दोन रेषांच्या मधे बांधायचं तर अटी पाळून. बाबांनी आंब्याच्या बुंध्यावरची पाण्याची जुनी खूण दाखवली. मॅडमनी तिच्याही वर जोतं धरलं.

मग खड्डे घेतले. वरच्या कडेला कमरेइतक्या खोलीवर घट्ट मुरूम लागला. खालच्या कडेला काळी चिकण माती संपता संपेना. ही माती पावसात फुगते, उन्हाळ्यात आक्रसते, आणि तिच्यावर बसलेला पाया तिच्याबरोबर वरखाली होतो. ‘मुरूम कितीही खोल असो, पाया तिथेच जाणार,’ मॅडम म्हणाल्या. ‘आणि भरावावर एक वीटसुद्धा नाही.’

इथे एक प्रश्न उभा राहिला, तो माझ्या कधी मनातही आला नव्हता. समजा, उतार तसाच ठेवला आणि वर एका पातळीत स्लॅब टाकला. मग रस्त्याकडचे खांब बुटके होतील, नदीकडचे उंच. मिस्त्रींना उंच खांबांची काळजी. ‘बाई, हे लांबडे खांब हलणार, त्यांत सळई वाढवा.’ मॅडमनी मान हलवली. त्यांनी कुंपणाच्या बांबूचे दोन तुकडे उचलले, एक हातभर आणि एक पुरुषभर. दोन्ही जमिनीत रोवायला लावले आणि मिस्त्रींना म्हणाल्या, ‘दोघांचीही टोकं चार बोटं वाकवून दाखवा.’ लांब बांबू सहज वाकला. आखूड बांबूवर मिस्त्रींनी अंगाचा सगळा भार टाकला तरी तो हलेना.

जमीन हलते तेव्हा वरचा स्लॅब सगळ्या खांबांना सारखाच ढकलतो. उंच खांब वाकतो. बुटका वाकत नाही, म्हणून जोर बहुतेक सगळा तोच अंगावर घेतो आणि मधोमध तिरका चिरतो. डोंगरउतारावरच्या घरांचा घात बऱ्याचदा असाच होतो. मजबूत दिसणारा जातो आणि त्याच्यामागून सगळं घर जातं. जी अडचण आम्ही नदीकडे शोधत होतो, ती रस्त्याच्या बाजूला उभी होती. मिस्त्री बराच वेळ त्या आखूड बांबूकडे पाहत राहिले. मग म्हणाले, ‘मी आजवर उलटीच सळई घातली की!’

तोडगा साधा निघाला. घराला लागेल तेवढाच पायरीसारखा एक सपाट बाक उतारात कापायचा, म्हणजे सगळे खांब सारख्याच उंचीचे होतात. कापलेल्या बाजूची माती अडवायला वेगळी भिंत, घरापासून सुटी. घराचा खांब त्या भिंतीला टेकवायचा नाही. खाली सगळे खांब जोत्याच्या बीमने एकमेकांना बांधून घ्यायचे. खिडकी-दाराच्या डोक्यावरून जाणारा काँक्रीटचा पट्टा घरभर सलग फिरवायचा, आमच्याकडे सोडतात तसा दारापुरता तोडून सोडायचा नाही.

माती अडवणाऱ्या भिंतीवरून मात्र वाद झाला. मॅडमनी तिच्यात ठरावीक अंतरावर पाइपचे तुकडे आरपार घालायला सांगितले आणि मागच्या बाजूला दगड-खडीचा थर. मिस्त्रींना हे पटेना. एवढी मजबूत भिंत बांधायची आणि तिला आपल्याच हाताने भोकं पाडायची? शिवाय त्यातून पाणी अंगणात येणार. येणारच, कारण आलं नाही तर ते भिंतीमागे साठेल. नुसत्या मातीपेक्षा पाणी तुंबलेली माती कितीतरी जास्त ढकलते. आमच्याकडे वर्षाचा जवळजवळ सगळा पाऊस चार महिन्यांत कोसळतो. महामार्गालगत दर पावसाळ्यात आडव्या होणाऱ्या कुंपणभिंती पाहाव्यात. बहुतेकींना एकही भोक नसतं.

त्यानंतरची भांडणं बारीकसारीक होती, पण रोजची. पहिलं रिंगांचं. खांबातल्या उभ्या सळयांना बांधणारी जी चौकोनी रिंग असते, तिची टोकं सगळे मिस्त्री काटकोनात वाकवून सोडून देतात. हिसका बसला की वरचं काँक्रीट सुटतं, रिंग उघडते आणि उभ्या सळया बाहेर फुगतात. टोकं 135 अंशांत, म्हणजे आत काँक्रीटच्या पोटात वळवली तर ती उघडत नाहीत. खांब आणि बीम जिथे भेटतात तिथे रिंगा दाटीने, जास्तीत जास्त 100 मिलिमीटरवर. लोखंड थोडं वाढतं, पण खरा खर्च मजुराच्या वेळेचा. ‘हाताला फोड येतात, बाई,’ सळई वाकवणारा पोरगा म्हणाला. खोटं नव्हतं. त्या कामाचे पैसे मी वेगळे दिले आणि मगच पुढचा शब्द बोलले.

दुसरं भांडण पाण्याचं. माल पातळ असला की घमेल्यातून पटकन ओतता येतो, म्हणून मजूर पाणी वाढवत जातात. सिमेंटच्या 50 किलोच्या एका गोणीला 25 लिटर पाणी पुरे. त्यात रेती ओली असेल तर आणखी कमी. जास्तीचं पाणी नंतर उडून जातं आणि मागे बारीक पोकळ्या ठेवतं. त्यांतून ओल शिरते आणि सळई गंजते. मी शाळेतली मापाची बादली आणून ठेवली. लोक हसले, पण बादली वापरली गेली.

याच सुमारास माझी डी.एड.ची मैत्रीण फोनवर भेटली. ती अमेरिकेतल्या मिनेसोटात असते, तिचंही घर उतारावर, नदीकाठी. तिथल्या नियमानुसार पाया राज्याच्या दक्षिणेत 42 इंच आणि उत्तरेत 60 इंच खोल न्यावा लागतो, कारण तेवढी जमीन हिवाळ्यात गोठते. पाण्याचा बर्फ झाला की तो नऊ टक्क्यांनी फुगतो आणि वर पाया असेल तर त्यालाच उचलतो. म्हणून तिथल्या काँक्रीटमध्ये मुद्दाम हवेचे सूक्ष्म बुडबुडे ठेवतात, बर्फाला फुगायला जागा म्हणून. थंडीत स्लॅब टाकला तर त्यावर गोधड्या पांघरतात. मी तिला सांगितलं, आम्ही आमच्या स्लॅबवर ओलं गोणपाट पांघरतो. तिकडे जमिनीतलं पाणी गोठून फुगतं, इकडे काळी माती पाणी पिऊन फुगते. इलाज दोन्हीकडे एकच: जिथे जमीन हलायची थांबते, तिथवर खाली जायचं.

गोणपाट ओलं ठेवायचं काम बाबांनी घेतलं. आताच्या राखमिश्रित सिमेंटला निदान दहा दिवस पाणी मारायला हवं. बाबा त्याहून बरेच जास्त दिवस मारत राहिले. स्लॅबवर त्यांचा विश्वास नव्हता, पण पाण्यावर होता.

2024 चा पावसाळा घरात काढला. पहिल्या मोठ्या पावसात भिंतीतल्या पाइपांमधून गढूळ पाणी आलं, पुढे ते निवळ झालं. मिस्त्री मुद्दाम पाहायला आले होते. सह्याद्रीत कारवी त्याच वर्षी फुलली, ती आठ वर्षांतून एकदाच फुलते. बाबांनी जुना कूड पाडू दिलेला नाही. तिथे आता भाताची पोती आणि कोंबड्या असतात. लहान धक्के अधूनमधून आजही जाणवतात. अजून घराला भेग नाही. पण मोठा धक्का या घराने पाहिलेला नाही, तेव्हा त्याची बढाई मी मारणार नाही.

माझ्या पगारामुळे मला इंजिनिअर परवडला. सरकारी घरकुलाच्या अनुदानात 269 चौरस फुटांचं घर उभं करणाऱ्याला तो कुठून परवडणार? तो मिस्त्री सांगेल तसंच करणार आणि मिस्त्री शिकला तसंच बांधणार. सरकारी माणूस हप्ता सोडण्याआधी जोत्याचा, भिंतीचा, छताचा फोटो काढायला येतोच. डहाणू आणि तलासरी भूकंपाचा धोका असलेल्या भागात मोडतात, हे नकाशात लिहिलेलं आहे. तेव्हा दोन्ही पंचायत समित्यांना माझी एवढीच विनंती आहे: काँक्रीट ओतण्याआधी खांबातल्या रिंगेच्या आत वळवलेल्या टोकाचा, म्हणजे हुकाचा, एक फोटो सक्तीचा करा, आणि दोन्ही तालुक्यांतल्या मिस्त्रींना दोन दिवस बोलावून, त्यांची मजुरी देऊन, तो हूक वाकवायला शिकवा.