पाच वॉटचा आवाज

गिरगावातल्या आमच्या चाळीत मामाकडे रेडिओ दुरुस्तीला यायचे. मागचा पुठ्ठा काढला की आत नारिंगी उजळलेले व्हॉल्व्ह दिसत आणि तापल्या धुळीचा वास येई. शेजारच्या ऑर्केस्ट्रातल्या गिटारवाल्यासाठी मामाने अशाच एका मोडक्या रेडिओतून ॲम्प्लिफायर बनवला होता. ईसीसी ८३ आणि ईएल ८४ हे व्हॉल्व्ह, आउटपुट ट्रान्सफॉर्मर, सगळं जुनंच. सर्किट ट्रेसिंग पेपरवर उतरवलेलं. हवा तो रेझिस्टर मिळाला नाही की दोन जोडून किंमत जुळवायची.

यंदा मी फेंडरचा चॅम्प हा गिटारचा ॲम्प घरी बांधला. मूळचा कॅलिफोर्नियातल्या फुलर्टनच्या कारखान्यातला, १९५०च्या दशकातला. तीन व्हॉल्व्ह, पाच वॉट, आठ इंची स्पीकर, व्हॉल्यूमचं एकच बटण आणि त्यावर बारापर्यंत आकडे. टोनचं बटणच नाही. सर्किटचा नकाशा मिनिटभरात छापून हातात आला. त्यातला १२एएक्स७ म्हणजे मामाचा ईसीसी ८३च. अमेरिकेत एक नाव, युरोपात दुसरं. माझा स्लोव्हाकियाहून आला, कोऱ्या खोक्यातून.

जुन्या चॅम्पमध्ये मेण पाजलेल्या काळ्या पुठ्ठ्यावर सुटे भाग जोडलेले असत. दमट हवेत तो पुठ्ठाच वीज झिरपू देतो. मी फायबरग्लासचा बोर्ड घेतला, रेझिस्टर मेटल फिल्मचे. जुन्या कार्बनच्या रेझिस्टरांसाठी हळहळणारे मला भेटतात. मला ती हळहळ पटत नाही. ते खरखरतात आणि वर्षागणिक त्यांची किंमत सरकते.

जीव लावावा तो आउटपुट ट्रान्सफॉर्मरला. वाइंडिंगवाल्याने सवयीने गाभ्याच्या लोखंडी पट्ट्या एकमेकींत गुंतवून भरल्या होत्या. इथे एकाच व्हॉल्व्हमधून सतत डीसी वाहतो, म्हणून ‘ई’ आणि ‘आय’ पट्ट्या वेगळ्या रचून मध्ये कागदाएवढी फट ठेवावी लागते. फट नसली की खर्ज जातो. माझाही गेला होता. ट्रान्सफॉर्मर उघडून पुन्हा भरून घेतला, तेव्हा जाडी तार नीट बोलली.

पहिल्यांदा वीज देताना मामा सिरीजमध्ये बल्ब लावायचा. बल्ब भगभगीत पेटलाच राहिला तर समजायचं, आत शॉर्ट आहे. मीही तेच केलं. मात्र एलईडी या कामाचा नाही. तारेचा बल्ब शोधायला तीन दुकानं फिरलो. चॅम्पमधल्या बाकी कशासाठीही इतकी पायपीट झाली नाही.

बल्ब मंद झाला, व्हॉल्व्ह हळूहळू उजळले. तार अलगद छेडली तर सूर स्वच्छ. व्हॉल्यूम वर नेऊन जोरात छेडली की तोच सूर चरचरत फुलतो. मामाच्या ॲम्पचा आवाज हाच होता. एक गोष्ट मात्र मी मुद्दाम बदलली. त्याला दोन पिनांचा प्लग होता, अर्थिंग नव्हतं, आणि गिटारवाल्याचे ओठ माइकला लागले की झटका बसायचा. माझ्याला तीन पिना आहेत.

बांधणार असाल तर एवढं ऐका. प्लग काढल्यावरही कपॅसिटरमध्ये साडेतीनशे व्होल्टच्या आसपास वीज साठून राहू शकते. रेझिस्टर लावून ती उतरवा, मीटरवर शून्य बघा, आणि तोवर मामासारखा एक हात खिशात ठेवा.