वगळलेले सत्य

खोटी शिकवण क्वचितच उघड खोट्या शब्दांनी सुरू होते. सेमिनरीत ख्रिस्तसभेच्या इतिहासाच्या तासाला एरियसचा अभ्यास करताना ही गोष्ट आमच्या प्रथम ध्यानी आली. अलेक्झांड्रियाचा हा धर्मगुरू देवपित्याचे एकमेवत्व मोठ्या तळमळीने सांगत असे. पण ते सांगता सांगता पुत्र त्याच्या हातून निसटला आणि केवळ एक निर्मिती ठरला. इ. स. ३२५ मध्ये नायसिया येथे जमलेल्या महागुरूंनी एरियसने उचलून धरलेले सत्य नाकारले नाही. त्याने वगळलेले सत्य त्यांनी श्रद्धांगीकारात लिहून ठेवले.

देवळ्यासारख्या गावी या जुन्या वादाचे काय काम, असे कोणी विचारील. कांद्याच्या या मुलखात आपली घरे थोडी आणि विखुरलेली. धर्मगुरू महिन्यातून एकदा येतो, फिरता प्रचारक आठवड्यातून तीनदा. मग जो देवाचे चार शब्द घेऊन दारी येईल तो आपलाच वाटू लागतो.

एका उपवासकाळात घरांना आशीर्वाद देत आम्ही तेथे एका वृद्ध भगिनीकडे गेलो. मधुमेह जुना, पायाला जखम, आणि इन्सुलिनची बाटली आठ दिवस फ्रीजमध्ये तशीच.

‘‘मावशी, औषध का थांबवलंत?’’

‘‘फादर, सुई घेतली म्हणजे देवावर भरवसा नाही, असंच झालं ना?’’ थोड्या वेळाने त्या हळूच म्हणाल्या, ‘‘माझं कुठलं पाप सांगायचं राहिलंय, तेच सापडत नाही.’’

औषधाविषयीच्या गैरसमजापेक्षा हे दुसरे वाक्य आम्हांला अधिक लागले. देव बरे करतो, असे त्या प्रचारकाने सांगितले होते. ते आम्हीही मानतो. नाहीतर रुग्णांना तैलाभ्यंग कशासाठी द्यायचा? पण बरे न होणाऱ्या माणसासाठी त्याच्याकडे आरोपाशिवाय काहीच नव्हते. त्याच्या शिकवणुकीतून क्रूस गळून पडला होता.

शास्त्रचर्चा आम्ही पुढे ढकलली. मुलाने आईला त्याच दुपारी मोटारसायकलवरून डॉक्टरांकडे नेले. पुढच्या भेटीत आम्ही संत योहानाच्या शुभवर्तमानाचा नववा अध्याय उघडला. हा जन्मांध कोणाच्या पापामुळे, असे शिष्य विचारतात आणि येशू तो प्रश्नच बाजूला सारतो. पौलाच्या देहातील काटा तीनदा प्रार्थना करूनही निघाला नाही, तेही वाचले. वैद्याचा मान राखण्याविषयी सिराखच्या ग्रंथाचा अडतिसावा अध्याय आहे. पण तो ग्रंथ प्रचारकाच्या बायबलमध्ये नसावा, म्हणून वैद्य लूकची आठवण करून दिली. व्हॅटिकनच्या श्रद्धासिद्धांत मंडळाने १४ सप्टेंबर २००० रोजी आरोग्यप्रार्थनेविषयी जी सूचना काढली, तीतही प्रार्थना औषधोपचारांना वगळत नाही, उलट उत्तेजन देते, असेच सांगितले आहे. अन्य पंथांच्या बांधवांना आम्ही येथे नावे ठेवीत नाही; त्यांची किती तरी रुग्णालये आपल्या लोकांनी पाहिली आहेत.

मुलगा शिक्षक. त्याचा प्रश्न अधिक अवघड निघाला. ‘‘फादर, अँथनी डिमेलोंची पुस्तकं वाचावीत का?’’ मुंबईत जन्मलेले हे येशूसंघीय धर्मगुरू १९८७ साली वारले. लोणावळ्याच्या साधना संस्थेतून त्यांनी असंख्य धर्मगुरूंना व धर्मभगिनींना प्रार्थनेची गोडी लावली. २४ जून १९९८ रोजी त्याच मंडळाने, कार्डिनल रॅट्झिंगर प्रमुख असताना, त्यांच्या लेखनाविषयी इशारा दिला. तो देताना मंडळाने आरंभीच्या पुस्तकांतील आध्यात्मिक लाभ मान्य केला. आक्षेप होता तो मुख्यतः नंतरच्या लेखनावर: तेथे देव व्यक्तिविहीन होत जातो आणि येशू अनेक गुरूंपैकी एक उरतो. लेखक उत्तर द्यायला हयात नव्हता, याची आम्हांला हळहळ वाटते. तरीही आक्षेप निराधार होता असे आम्ही म्हणणार नाही. त्या शिक्षकाला आम्ही सांगितले, ‘‘‘साधना’ जरूर वाचा. पुढची पुस्तकं हाती घ्याल तेव्हा शुभवर्तमान शेजारी ठेवा, आणि येशूचं नाव कुठे मागे पडतं त्या पानावर खूण करा.’’ त्याने खरोखरच खुणा केल्या. त्यांतील दोन आमच्या नजरेतून सुटल्या होत्या, आणि एक आम्हांला अजून पटलेली नाही.

प्रचारक त्या घरी अजूनही येतो. मावशी त्याला चहा देतात, प्रार्थनेलाही बसतात. सुईची वेळ झाली की मात्र प्रार्थनेतून उठून आत जातात.