रात्रपाळीचे आकाश

आमच्या नशिराबादला रात्री शेतात उभे राहिले की दोन उजेड दिसतात. पश्चिमेला जळगावचा आणि पूर्वेला भुसावळ-दीपनगरचा. मधल्या पट्ट्यात जे काळे आकाश शिल्लक राहते, तेवढेच आमच्या वाट्याचे. दक्षिणेला अजिंठ्याच्या डोंगराकडे ते त्यातल्या त्यात बरे, आणि डोक्यावर तर फारच चांगले. या उरलेल्या तुकड्याचे फोटो काढण्याचा मला नाद लागला आहे. द्वितीय वर्ष कला शाखेत इतिहास घेतलेल्या मुलीने हा नसता उद्योग का करावा, असे मैत्रिणी विचारतात. आई तर विचारतेच.

मी रात्री शेतात असते त्याचे मूळ कारण तारे नव्हेत, केळी. शेतीपंपाची वीज आळीपाळीने येते, काही दिवस दिवसा, काही दिवस रात्री. रात्रीची आली की बाबा विहिरीवर जातात, मोटार सुरू करतात, ठिबकचे व्हॉल्व्ह बदलतात. भाऊ सुरतेला कामाला गेल्यापासून बॅटरी धरायला मी जाते. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिलीच; त्यामुळे शिकणाऱ्या मुलीने रात्री जागावे की न जागावे, याचा काही दंडक अजून घरात ठरलेला नाही! एका व्हॉल्व्हपासून दुसऱ्यापर्यंत तास-दीड तास मोकळा मिळतो. कॅमेरा गावातल्या, लग्नाचे फोटो काढणाऱ्या एका काकांचा. जुना, ५० मिलिमीटरच्या भिंगाचा. लग्न नसेल त्या रात्री ते देतात. पौषात लग्ने नसतात, आणि पौषातच रात्री दहा-अकराला मृग नक्षत्र उंच चढलेले असते. पंचांगाचे माझ्यावर हे मोठेच उपकार आहेत.

आता अडचण सांगते. बाबा ज्याला तिकांडं म्हणतात, त्या तीन ताऱ्यांच्या खाली एक तेजोमेघ आहे. तो सुमारे १३५० प्रकाशवर्षे दूर आहे. डोळ्यांना तो पुसट ठिपक्यासारखा दिसतो, कारण डोळा प्रकाश साठवून ठेवत नाही. कॅमेरा साठवतो. जितका वेळ पडदा उघडा, तितका मेघ उमलत जातो. परंतु पृथ्वी थांबायला तयार नसते! तिच्या फिरण्यामुळे तारा सेकंदाला १५ विकला सरकतो, आणि माझ्या कॅमेऱ्यातला एक चित्रबिंदू म्हणजे साधारण १८ विकला. हौशी लोकांचा एक ठोकताळा आहे: ५०० ला भिंगाच्या केंद्रांतराने भागायचे, सेन्सर लहान असेल तर आणखी दीडने. उत्तर येते साडेसहा सेकंद. त्यापुढे तारे भाताच्या शितासारखे लांबट होतात. साडेसहा सेकंदांत तारे मिळतात, मेघ नाही मिळत.

इतिहासाच्या विद्यार्थिनीला इथे एक गोष्ट सांगितल्यावाचून राहवत नाही. १८८८ साली पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समध्ये भावनगरच्या तख्तसिंहजी महाराजांच्या नावाने वेधशाळा उभी राहिली. कावसजी दादाभाई नायगमवाला हे तिचे प्रमुख. याच मृगातल्या मेघाच्या वर्णपटावरचा त्यांचा लेख १८९१ साली लंडनच्या रॉयल ॲस्ट्रॉनॉमिकल सोसायटीच्या नियतकालिकात आला. वेधशाळा बंद झाल्यावर तिथली वीस इंची दुर्बीण १९१२ मध्ये कोडाईकनालला गेली. त्या काळच्या मोठ्या दुर्बिणींना पृथ्वीच्या उलट फिरवायला वजनावर चालणारे घड्याळ जोडलेले असे, आणि तरीही वेध घेणारा माणूस तासन् तास डोळा लावून तारा तारेवर धरून ठेवी. चांगल्या फोटोचे मर्म तेव्हाही हेच होते. भिंग महाग हवे हे खरे, पण त्याआधी चाल बरोबर हवी.

माझे घड्याळ म्हणजे दोन फळ्या, एक बिजागरी आणि एक बोल्ट. जी. वाय. हेग नावाच्या स्कॉटलंडच्या गृहस्थांनी १९७५ मध्ये हे साधन प्रसिद्ध केले. त्याला 'बार्न डोअर' म्हणतात. आम्ही घरी नुसते 'फळी' म्हणतो. खालची फळी तिपाईवर, वरच्या फळीवर कॅमेरा, आणि बोल्ट फिरवला की वरची फळी दारासारखी हळूहळू उघडते. बोल्ट सहा मिलिमीटरचा. त्याचा आटा एका फेऱ्याला एक मिलिमीटर पुढे सरकतो. मिनिटाला एक फेरा द्यायचा. मग बिजागरीपासून बोल्ट किती अंतरावर असावा? ताऱ्यांचा एक फेरा १४३६ मिनिटांत होतो, १४४० मध्ये नव्हे, त्याला ६.२८३ ने भागले की २२८.५ मिलिमीटर. हे चार मिनिटांचे अंतर मी सुतारकाकांना समजावत बसले होते, तेव्हा बाबा म्हणाले, तिकांडं दर महिन्याला दोन तास आधी येतं, त्याचंच हे ना? रोजची चार मिनिटे, तीस दिवसांची एकशेवीस. मी गप्पच झाले.

फेरा देण्यातही एक मेख आहे. पंधरा सेकंदांनी पाव फेरा द्यावा असे वाटते. परंतु तेवढ्यात तारा बारा-तेरा बिंदू ओलांडून जातो. म्हणून बोल्टाच्या डोक्यावर डब्याचे पत्र्याचे झाकण बसवले, त्यावर साठ खुणा केल्या, आणि सेकंदकाट्याबरोबर एकेक खूण सरकवायची. मनगट हलके ठेवायचे. पहिल्या रात्री बाबांनी हे पाहिले आणि म्हणाले, "अवं माय, तारा का पयून चालला का?" पयूनच चालला होता!

बिजागरीची रेघ आकाशाच्या ध्रुवाकडे रोखलेली असावी लागते. ध्रुवतारा जितका उंच, तितके त्या गावाचे अक्षांश. नशिराबादला ते २१ अंश. म्हणून सुतारकाकांनी शंभराला अडतीस चढाचा पाचर कापून दिला. बिजागरीला समांतर बॉलपेनची रिकामी नळी चिकटवली. तिच्यातून सुमारे दोन अंश आकाश दिसते. ध्रुवतारा खऱ्या ध्रुवापासून पाऊण अंशाच्या आत आहे, त्यामुळे तो नळीच्या मध्यावर आणला की माझे काम भागते. रोख एक अंशाने चुकला तर तारा मिनिटाला फार तर १६ विकला ढळतो, म्हणजे माझ्या भिंगाला एक बिंदूही नाही. २०० मिलिमीटरचे भिंग असते तर मात्र चारपट काटेकोर राहावे लागले असते. गरिबाच्या लहान भिंगाचा हा एक फायदा.

बाकीचे त्रास पुस्तकातले नाहीत, आमच्या शिवारातले आहेत. ओल्या काळ्या मातीत तिपाईचे पाय मिनिटागणिक रुततात. खाली शहाबादी फरशीचे तीन तुकडे ठेवावे लागतात. मोटारीची थरथर जमिनीतून येते, म्हणून विहिरीपासून लांब बांध गाठावा लागतो. केळीच्या बागेतला दमटपणा पहाटे भिंगावर दव होऊन बसतो. भिंगाभोवती वर्तमानपत्राची लांब नळी गुंडाळली की ते तासभर लांबते. आणि खानदेशचा उन्हाळा! सेन्सर सहा-सात अंशांनी तापला की त्यातली खरखर जवळजवळ दुप्पट होते. त्यामुळे एप्रिल-मे मी सोडूनच दिले आहेत.

एक मिनिटाचा एकच फोटो पाहिला तर निराशा होते. पण असे अनेक फोटो संगणकात एकावर एक बसवले तर खरखर वर्गमुळाच्या हिशेबाने घटते. चार फोटोंनी निम्मी, शंभरांनी दहावा भाग. सिरिल नावाचे फुकट मिळणारे सॉफ्टवेअर हे करते. मामेभावाच्या लॅपटॉपवर रात्रभर घरघर चालते. दर दहा मिनिटांनी बोल्ट उलटा फिरवून पुन्हा नेम धरावा लागतो, त्यात चौकट थोडी सरकते. तेही चांगलेच, सेन्सरचे कायमचे डाग एकाच जागी साचत नाहीत. झाकण लावून तितक्याच वेळाचे काळे फोटो काढायचे, म्हणजे तापाची खरखर वजा करता येते. आणि उजाडताना भिंगावर आजोबांचे धुतलेले धोतर ताणून पांढरे फोटो काढायचे, म्हणजे कडांचा अंधार आणि धुळीचे ठिपके निघतात. धोतराचा हा उपयोग आजोबांना अजून सांगितलेला नाही.

गेल्या हिवाळ्यात रात्रीची वीज, अंधारा पक्ष, निरभ्र आकाश आणि मोकळा कॅमेरा हे चारही योग जुळून आलेल्या रात्री नऊ. त्यातून जमलेला उजेड १३१ मिनिटे. तिकांड्याखालचा मेघ त्यात पंखासारखा पसरलेला दिसतो, कडेला गुलाबी. तो फोटो आम्ही चुलीमागच्या भिंतीवर लावला आहे. आईने त्याच्या शेजारी खिळा ठोकून चाळणी अडकवली.

शेतकऱ्याला दिवसा वीज मिळावी म्हणून २०१७ पासून मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना राबवली जात आहे. आमच्या बाजूलाही दिवसाची वीज येणार असे बोलले जाते. यावी, लवकर यावी. रात्री केळीत पाय टाकताना बाबा आधी काठी आपटतात, ती कशासाठी हे मला माहीत आहे. सकाळी ओसरीवर बसल्या बसल्या त्यांचे डोळे मिटतात तेही मी पाहते. पण मग मला रात्री शेतात जायला काही कारण उरणार नाही, आणि कारणाशिवाय आई पाठवणार नाही. घराच्या गच्चीवर मी करून पाहिले. समोरच्या खांबावर पांढरा दिवा आहे. पंधरा सेकंदांत सारे आकाश ताकासारखे होते, मग चाल कितीही बरोबर असली तरी मेघ त्यात बुडून जातो.

म्हणून यंदाच्या रात्री मी आधीच मोजून ठेवल्या आहेत. मार्गशीर्ष ते माघ, अमावास्येच्या आगेमागच्या आणि आमच्या फीडरला रात्रीची वीज असलेल्या, अशा अकरा निघाल्या. माघातल्या दोन रात्री गावात हळदी आहेत, कॅमेरा तिकडे जाणार. राहिल्या नऊ. बाबांनी तारखा विचारून घेतल्या आणि मोटारीच्या पेटीवर आतल्या बाजूला खडूने लिहून ठेवल्या.